फिल्टर कंपनीचाच द्या!

नगर जिल्ह्यात नवी मोटारसायकल घ्यायची म्हणजे आधी नंबराचा विषय निघतो. 4141 चे आकडे जरा कलाकुसरीने काढले की ‘दादा’ वाचता येतं, 8055 चा ‘बॉस’ होतो आणि 214 चा ‘राम’. राज्य सरकारने 2024 साली पसंतीच्या नंबरांचे दर वाढवले. दुचाकीला 0001 हवा असेल तर आता 1 लाख रुपये मोजावे लागतात, म्हणजे नंबराच्या पैशात जवळजवळ दुसरी गाडीच आली असती. तरीही एमएच 16 आणि एमएच 17 या दोन्ही पाट्यांच्या मुलखात हौसेला तोटा नाही. नंबर ठरला की हॉर्न, मग क्रॅश गार्ड, मग सीट कव्हर, आणि शेवटी मडफ्लॅपवर आईचा आशीर्वाद की वडिलांची कृपा यावर घरात चर्चा.

या सगळ्या काळजीत एक वस्तू कुणाच्या खिजगणतीत नसते. ती म्हणजे ऑइल फिल्टर.

फिटर विचारतो, “ऑइल फिल्टर कोणता टाकू?” मालक मोबाइलमधून मान वर न काढता सांगतो, “टाका कोणताही.” पुढे दोन-तीन वर्षांनी इंजिन कटकट करायला लागतं, धूर निळसर येतो, फिटर ‘काम निघालं’ म्हणतो आणि कामाचा आकडा सांगतो. त्या दिवसापासून हाच माणूस आयुष्यभरासाठी चोखंदळ होतो. मग तो स्पेअर पार्टच्या दुकानात कोपर टेकवून उभा राहतो आणि खणखणीत आवाजात मागणी करतो.

“शेठ, स्प्लेंडरचा ऑइल फिल्टर द्या. कंपनीचाच द्या.”

“भाऊ, स्प्लेंडरला तो बदलायचा फिल्टर येत नाही.”

“येत नाही म्हणजे? संपलाय का?”

“संपला नाही. नसतोच.”

“मग मागच्या वेळी आमच्या फिटरने बदलला तो काय होता?”

दुकानदाराचा धंदा गिऱ्हाइकावरही चालतो आणि फिटरवरही. तो क्षणभर छताच्या पंख्याकडे बघतो आणि म्हणतो, “एअर फिल्टर असेल.”

दुकानदार खरं तेच सांगत असतो. गावोगाव दिसणाऱ्या या 97.2 सीसीच्या इंजिनात डब्यातून काढून बसवायचा कागदी ऑइल फिल्टर नाही. तिथे दोनच पहारेकरी आहेत. एक खालची बारीक जाळी, म्हणजे स्ट्रेनर. दुसरा उजव्या कव्हरच्या आत क्रँकशाफ्टबरोबर फिरणारी एक चपटी डबी. तेल त्या डबीत शिरतं, डबी गरगर फिरते, जड कचरा बाहेरच्या कडेला फेकला जाऊन तिथेच चिकटतो आणि स्वच्छ तेल पुढे जातं. होंडाच्या लहान इंजिनांमधली ही जुनी युक्ती. ना कागद, ना दर वेळी नवा खर्च. फक्त ठराविक किलोमीटरनंतर कव्हर उघडून ती डबी पुसायची. कव्हर उघडायचं म्हणजे आधी तेल काढा, किक काढा, मग बोल्ट, मग गॅस्केट खरवडा आणि नवं बसवा. एवढा उपद्व्याप ऑइल बदलीच्या मजुरीत कोण करणार? त्यामुळे कित्येक गाड्यांची ती डबी कारखान्यात बंद झाली ती थेट इंजिनाचं काम निघालं तेव्हाच उघडते. आत काळ्याकुट्ट गाळाचा थर इतका घट्ट बसलेला असतो की स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावा लागतो.

याला थोडीशी जाहिरातही जबाबदार असावी. 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 बाजारात आली ती पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा असं सांगत. सल्ला पेट्रोलपुरता होता. आपल्याकडे तो ऑइल, चेन, हवा आणि ब्रेक या सर्वांना लागू करण्यात आला.

बाकी गाड्यांची तऱ्हा वेगवेगळी. अ‍ॅक्टिव्हामध्ये जाळीवरच भागतं. पल्सर 150 मध्ये इंजिनाच्या उजव्या अंगाला गोल टोपणाखाली कागदी फिल्टर बसतो. जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये नमद्याचा, म्हणजे फेल्टचा फिल्टर होता. तो नवा टाकण्याऐवजी पेट्रोलमध्ये धुऊन, पिळून, उन्हात वाळवून पुन्हा बसवणारे हौशी बरेच भेटतात. त्यानंतरच्या बुलेटला घडीचा कागदी फिल्टर आला. इंटरसेप्टर 650 ला मोटारीसारखा बाहेरून फिरवून बसवायचा पत्र्याचा डबा आहे. तो डबा बाहेर दिसत असल्यामुळे त्याच्यावर चर्चाही होते. जो फिल्टर दिसत नाही त्यावर चर्चा नाही, हा या विषयातला पहिला नियम.

पण ज्यांच्या गाडीला फिल्टर आहे त्यांनी तरी तो नीट का निवडावा? मोटारीचं इंजिन ऑइल फक्त इंजिन सांभाळतं. बहुतेक मोटारसायकलींत तेच एक लिटरभर तेल इंजिन, गिअर आणि क्लच अशा तीन घरची धुणीभांडी करतं. क्लच प्लेट झिजतात, त्यांचा भुसा तेलात. गिअरचे दात घासतात, त्यांची बारीक पूड तेलात. ज्वलनाची काजळी तेलात. म्हणूनच डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ लिहिलेलं, मोटारसायकलीचंच तेल घालायचं असतं. घरच्या मोटारीचं उरलेलं तेल काटकसर म्हणून ओतलं की क्लच सरकायला लागतो आणि निमगाव-वाघ्याचा साधा चढसुद्धा डोंगर वाटतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. फिल्टरने अडवायचे कण त्याच्या निम्म्याहून लहान. डोळ्यांना जे दिसत नाही तेच बेअरिंग खातं.

फिल्टर भरला, तुंबला, तर? इंजिनाला तेल मिळायचं थांबू नये म्हणून तेलाच्या वाटेवर एक बायपास झडप ठेवलेली असते, कधी फिल्टरमध्ये, कधी इंजिनात. दाब वाढला की ती उघडते आणि गाळण न होताच तेल पुढे सोडते. घाणेरडं तेल मिळालेलं बरं, पण अजिबात न मिळणं वाईट, असा तिचा व्यवहारी हिशेब. दुष्काळात टँकरचं पाणी प्यायलेल्या जिल्ह्याला तो समजावून सांगावा लागत नाही. मात्र या झडपेची स्प्रिंग स्वस्तातली, ढिली असेल तर ती पहिल्या दिवसापासूनच उघडी राहते. मग फिल्टर नुसता बसलेला असतो, सगळं तेल त्याला वळसा घालून जातं आणि मालक मात्र ‘मी दर वेळी फिल्टर बदलतो’ असं चारचौघांत सांगत फिरतो.

आता नगरच्या धुळीविषयी. फिल्टर कसा आहे हे तपासायला जगभरातल्या प्रयोगशाळा तेलात मुद्दाम मोजून मापून धूळ टाकतात आणि फिल्टरच्या आधी किती कण होते व नंतर किती उरले ते मोजतात. ही प्रमाणित धूळ मूळची अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातली. आयएसओ 12103 या मानकात तिच्या अतिबारीक ते जाड अशा चार प्रती ठरवून दिल्या आहेत. पाथर्डी-शेवगावच्या माणसाला हे कळलं तर तो मनातून दुखावेल. एप्रिलमधला फुफाटा, उसाच्या डबल ट्रॉलीमागून उडणारी माती आणि मुरमाच्या डंपरनं रस्त्यावर सांडत नेलेला खुराक, यांची एकही प्रत त्या मानकात नाही. वास्तविक शहराजवळच वाहननगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. लष्कराच्या गाड्या तिथे घडवल्या आणि तपासल्या जातात. चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा शहरातच, आणि 1994 पासूनचं रणगाडा संग्रहालयही. पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडा बघायला रविवारी सहकुटुंब गर्दी होते. ज्या गावाने एवढं अवजड लोखंड पाहिलं आहे, तिथे पल्सरचा फिल्टर मात्र डब्याच्या रंगावरून निवडला जातो.

ही धूळ तेलापर्यंत पोचते ती बहुधा एअर फिल्टरच्या वाटेने. तिथेही आपली एक खास पद्धत आहे: हवा मारणे. फिल्टर काढायचा, कॉम्प्रेसरची नळी लावायची, फुर्रर्र केलं की पाच फुटांवरचा चहावाला शिव्या देतो. काम झालं. बऱ्याच गाड्यांत आता तेलकट कागदाचा फिल्टर येतो. त्याला हवा मारायची नसते, तो बदलायचाच असतो. हवेच्या झोताने तो स्वच्छ होत नाही, फाटतो. फाटला की श्वास मोकळा होतो, पिकअप सुधारल्यासारखं वाटतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन फिटरला वीस रुपये जास्त देतं.

यानंतर खरा प्रश्न: विश्वासाचा फिल्टर ओळखायचा कसा? दुकानात प्रती तीन. ‘कंपनीचा’, ‘चांगल्या मेकचा’ आणि ‘चालतो’. गाडी बनवणाऱ्या कंपन्या फिल्टर सहसा स्वतः बनवत नाहीत, फिल्टरवाल्या कारखान्यांकडून घेतात. त्यामुळे पुरोलेटर किंवा एलोफिकसारख्या नावाजलेल्या मेकचा, आपल्या गाडीसाठीच दिलेला फिल्टर घेण्यात काही पाप नाही. पाप आहे ते चौथ्या प्रतीत. ती दुकानात मांडलेली नसते, मागितल्याशिवाय मिळते. डबा तोच, रंग तोच, नावातलं एखादं अक्षर मात्र इकडचं तिकडे. होलोग्राम असतो, आणि तो अस्सलपेक्षा जास्त चमकतो. ट्रेड मार्क कायदा, 1999 नुसार असा बनावट माल विकणाऱ्याला 6 महिने ते 3 वर्षं तुरुंगवास आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. गिऱ्हाइकाला मात्र काही शिक्षा नाही. त्याची सोय इंजिन करतं.

अस्सल-नकलीचा हा वाद जिल्ह्यात देवापर्यंत गेलेला आहे. शनिशिंगणापूरला शनिदेवाला तेल वाहायची प्रथा सर्वांना ठाऊक. भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते अशी तक्रार वाढली, तेव्हा देवस्थानाने 1 मार्च 2025 पासून फक्त ब्रँडेड, शुद्ध खाद्यतेलच स्वीकारायचं ठरवलं. शिळेला साधं तेल चालेना, तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाची काय कथा! पण शनिवारी बाटलीवरचं लेबल तपासून दर्शनाला जाणारा भाविक सोमवारी पेट्रोल पंपाबाहेर सुटं ऑइल भरून घेताना कोणतंच लेबल मागत नाही. त्याची साडेसाती इंजिनाच्या वाट्याला जाते.

केडगावच्या बाजूला, बायपासच्या आसपास कुठल्याही जुन्या गॅरेजात एखादा वयस्कर मिस्त्री असतो. सगळे त्याला ‘चाचा’ किंवा ‘मामा’ म्हणतात. त्याच्याकडे होलोग्राम तपासायचं यंत्र नाही, हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा आहे. गिऱ्हाईक फारच वाद घालायला लागलं की तो दोन वापरलेले फिल्टर घेतो, एक चांगला आणि एक ‘चालतो’ प्रतीचा. व्हाइसमध्ये धरून करकर कापतो आणि कागदाच्या घड्या वर्तमानपत्रावर उलगडून ठेवतो. चांगल्या फिल्टरचा कागद हातभर लांब निघतो. घड्या सारख्या, कडा टोपणाला चिकटवलेल्या, कुठे फट नाही, आणि घड्यांच्या खोबणीत काळी पूड बसलेली. दुसऱ्याचा कागद वितीत संपतो. घड्या एका बाजूला दाटलेल्या, दुसऱ्या बाजूला विरळ, आणि एका कडेचा डिंक गरम तेलात सुटून कागद टोपणापासून वेगळा झालेला. त्याच्यावर काळी पूड जवळजवळ नाहीच.

“बघा मामा, हा तर किती स्वच्छ राहिला!” गिऱ्हाईक दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणतं.

मामा ब्लेड पुसतो. “तो स्वच्छच राहणार. त्यानं काम कुठं केलंय?”

विकत घेताना मात्र फिल्टर कापून बघता येत नाही, म्हणून मामाचे ठोकताळे असे. आधी डब्यावरचा पार्ट नंबर गाडीच्या पुस्तकाशी जुळवायचा. ‘हा पण बसतो’ या तीन शब्दांवर गाडी द्यायची नाही. बसतो आणि चालतो यांत इंजिनाएवढा फरक आहे. रबर रिंग नखाने दाबून बघायची. ती मऊ हवी. कडक, तडकलेली असेल तर माल फार दिवस उन्हात पडलेला. घड्या मोजायच्या नाहीत, पण वाकड्या असतील तर डबा परत करायचा. छापील किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता आणि महिना-वर्ष नसेल तर पुढे बोलायचंच नाही. बिल मागायचं. बिल मागितल्यावर ज्या दुकानदाराचा चेहरा पडतो, त्याच्याकडचा फिल्टर आपोआपच पडतो.

एवढं करून आणलेला अस्सल फिल्टर उलटा बसवण्याची सोयही निसर्गाने ठेवलेली आहे. काही गाड्यांच्या फिल्टरला एका बाजूला भोक असतं, दुसरी बाजू बंद. कोणती बाजू बाहेर, ते त्यावर इंग्रजीत छापलेलं असतं, आणि ते वाचायचं काम ज्याच्याकडे असतं त्याचे हात तेलाने इतके भरलेले असतात की सर्वांत आधी ती अक्षरंच पुसली जातात. उलटा बसला की तेलाची वाटच बंद. टोपणाची जुनी ओ-रिंग ‘अजून चांगली आहे’ म्हणून परत बसते आणि दुसऱ्या दिवशी अंगणात फरशीवर तेलाचा डाग पडतो. ड्रेन नट आवळताना लांब पान्याने एक शेवटचा झटका देण्याचा मोह तर कुणालाच आवरत नाही. त्या झटक्यात आटे जातात. मग शंभराच्या फिल्टरसाठी आलेली गाडी लेथवाल्याच्या दारात उभी.

सगळ्यात मजेशीर हिशेब दूधवाल्यांचा. संगमनेर, राहाता, राहुरीकडे पहाटेच दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेल्या गाड्या संकलन केंद्रांकडे निघतात. केंद्रावर दुधाचं फॅट लागतं, एसएनएफ लागतं, फडक्यातून दूध गाळलं जातं, 3.5 चं 3.4 झालं तर भांडण होतं. हे सगळं सांभाळून घरी परतणारी ती गाडी, जिच्यावर अख्खा रतीब चालतो, तिच्यातलं तेल कोणत्या रंगाचं आहे ते काडी ओढून बघायला सवड नसते. पुढे कधीतरी ऑइल बदलायची वेळ येते तेव्हा मालक गॅरेजात हजर असतो, पण तो नवं ऑइल कोणतं चाललंय ते बघायला नाही, जुनं ऑइल कुठं जातंय ते बघायला. रिकामी बाटली त्याने घरूनच आणलेली असते. दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून, गेटच्या बिजागरीला, विळ्या-कुऱ्हाडीला गंज चढू नये म्हणून, अशा किमान तीन घरगुती कामांसाठी ते काळं ऑइल त्याला हवं असतं. फिटरलाही ते हवं असतं. नगर जिल्ह्यातली खरी घासाघीस नव्या ऑइलवर होत नाही, जुन्यावर होते.

खरं म्हणजे तेल गाळण्याच्या या प्रश्नावर नगरने आपल्या परीने तोडगा फार पूर्वीच काढला होता. फिरोदियांच्या कायनेटिकची लूना 1972 साली आली. कायनेटिक चौक हे नाव आजही शहरात पत्ता सांगायला वापरतात. लूनाचं 50 सीसीचं इंजिन टू-स्ट्रोक होतं: ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि तिथेच जाळून टाकायचं. जे तेल उरतच नाही ते गाळायचं कशाला? ऑइल फिल्टरचा दुकानदार लूनावाल्याकडे बघतही नसे. आणि 2024 च्या फेब्रुवारीत कायनेटिक ग्रीनने ई-लूना आणली, तर तिच्यात इंजिनच नाही. चाकात मोटर, मधे 2 किलोवॉट-तासांची बॅटरी, तेलाचा थेंब नाही. आधीच्या लूनाने तेल जाळून प्रश्न मिटवला, नवीने तेलच काढून टाकलं.

तरी पहिल्या सर्व्हिसिंगला आलेला एखादा काका काउंटरवर कोपर टेकवतोच. पोराने सांगितलेलं असतं की ही विजेची गाडी आहे, हिला काही लागत नाही. पण काकाला मागच्या इंजिनाच्या कामाचा आकडा पाठ आहे. तो हळूच दुकानदाराकडे झुकतो. “शेठ, पोराचं राहू द्या. हिला जो काही फिल्टर येत असेल तो द्या,” तो म्हणतो, “पण कंपनीचाच. आणि जुनं ऑइल निघालं तर बाटली आणलीय मी.”